खाडीच्या निवट्यांतील शिसे

आश्विन शु. नवमी
खंडेनवमी. आमच्या बहुशाखीय संशोधन संस्थेत समस्त उपकरणांचे यथासांग पूजन. कल्याणच्या पुलांची कंपने मोजणारे भौतिकवाले, डोंबिवलीच्या पाणीटंचाईवर प्रश्नावल्या भरून घेणारे समाजशास्त्रवाले, खाडीच्या मासळीत जड धातू शोधणारे आम्ही. एरवी परस्परांचे तोंड न पाहणारे सारे एकाच आरतीला. संचालकांनी (यापुढे म. म., अर्थात महामहोपाध्याय) स्वहस्ते हळदकुंकू वाहिले. मंत्र अस्मादिकांचे. पेढे बरे.

शु. एकादशी
देवधरबाईंनी (प्राणिशास्त्र, वाणी तीक्ष्ण) कोपरीच्या मासळीवाल्या हिराबाईंकडून आणलेल्या निवट्या (खाडीच्या चिखलातले मासे) वाळवून, खलात कुटून यंत्रात घातल्या. शिसे अपेक्षेच्या कितीतरी वर. आमचा प्रकल्प बंद होण्याच्या बेतात होता, आता मुदतवाढ निश्चित म्हणे. मासळी विषारी निघाल्याचा एवढा हर्ष प्रथमच पाहिला.

शु. त्रयोदशी
म. म. नी काल वार्ताहरांना परस्पर सांगून टाकले, आज कोपरीच्या नावानिशी छापूनही आले. पडताळणी मागाहून. धन्य.
सायंकाळी हिराबाई दारात. पिढ्यान्‌पिढ्या खाडीवर जगणारे घर.
"डाक्टर, बाजारान माज्याकरं कोन फिरकत नाय. मना सांगा, मासली इकू का फेकू?"
म्हटले, पुनश्च परीक्षण करू.
"मंग पयल्यांदा काय केलंत?"


कोजागिरी
पुनःपरीक्षणार्थ खल काढला. आतल्या काठाला कुंकवाचे बोट. बाकी यंत्रांना म. म. नी बाहेरून टिळा लावला. हे एक पात्र, देवघरातले वाटले असावे, आतून पूजले.
"बाई, धुतला नव्हता?"
"पूजेतली वस्तू लगेच पाण्यात कशी घालायची? कोरड्या फडक्यानं पुसला की."
विद्यावाचस्पती बाई. कुंकूच यंत्रात घातले. शिसे भरपूर. आता मासळीत मूळचे किती, कुंकवाचे किती, देव जाणे. तो तर या प्रकरणात पक्षकारच.

आश्विन व. प्रतिपदा
म. म. ना सविनय निवेदन.
"पूजेनं नमुना बिघडला असं छापायचं? अहो, काय अब्रू राहील आपली? गप्प राहा. लोक विसरतात."
"हिराबाईंचं गिऱ्हाईक विसरेना."
"तुम्हाला मुदतवाढ नको आहे वाटतं."
हवी आहे. तीच तर पंचाईत. माझी, देवधरबाईंची, साऱ्या चमूची...

व. द्वितीया
कोपरीस गेलो. हिराबाईंना सर्व साद्यंत कथन केले. त्या हसल्या. ते हास्य मला मुळीच आवडले नाही.
"म्हंजे माजी मासली चांगली?"
"ते अजून ठाऊक नाही."
"मंग वाईट?"
"तेही नाही."
त्यांनी टोपली सारखी केली. मग ताज्या निवट्या पिशवीत घालून माझ्या हाती दिल्या.
"न्या. आन्‌ या येलेला देव त्याच्या जागेवर ठेवा."

व. तृतीया
खल देवधरबाईंनी स्वतः घासला, तोही पाण्याने. ही घटना स्वतंत्र नोंदीस पात्र. निवट्या कुटून झाल्या, यंत्र चालू. म. म. चा निरोप: निष्कर्ष प्रथम त्यांच्या दालनात आणावा, अन्यत्र वाच्यता नको.
हिराबाई सकाळपासून बाहेरच्या बाकावर. चहा नाकारला.
आकडा आला आहे. देवधरबाईंनी पडद्याकडे पाठ केली आहे; मीही अद्याप पाहिलेला नाही. निरोप्या दारात तिष्ठत उभा.
त्याला म्हटले, "बाहेर बाई बसल्या आहेत. आधी त्यांना आत बोलाव."