महालक्ष्म्यांपुरत्या गोळ्या

२६ ऑगस्ट २०२५
बाजारातून आणलं: चण्याची डाळ २ किलो, १८०. अंबाडीची भाजी, ३०. गजरे, ८०. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या, मयुरीसाठी, ६५. ऐन महालक्ष्म्यांत पोरगी बाजूला बसली तर पुरणाला हात कोणाचे?

१ सप्टेंबर
महालक्ष्म्या जेवल्या. मयुरीनं दिवसभर पोळ्या लाटल्या, एकदाही पोट धरून बसली नाही. म्हटलं, पाहिलं, देवीनं तुझं दुखणं नेलं. म्हणे, "मंग दर महिन्याले बोलाव ना तिले." श्रद्धा नाही, पण गुण आला. तिनं काढलेला डॉक्टरचा विषय बंद.

६ सप्टेंबर
पाळी आली. मयुरी सकाळपासून न्हाणीत. उलट्या. ओवा दिला. मलाही असंच व्हायचं. लग्नानंतर थांबलं. थांबलं म्हणजे सवय झाली. मयुरी अकरा वर्षांनी झाली, तो भाग वेगळा.
उमरेडच्या स्थळाला होकार कळवायचा. डॉक्टरकडे जाऊच, पण पितृपक्षात नको. नवरात्र झालं की नक्की.

१३ ऑक्टोबर
हिंगण्याला जाताना कंपनीच्या बसमध्येच मयुरी बेशुद्ध झाली. मैत्रिणींनी डॉक्टरीणबाईंकडे नेलं, मग मला फोन. सोनोग्राफी झाली. एंडोमेट्रिओसिस म्हणे. गर्भपिशवीच्या आत असतं तसलं अस्तर बाहेरही वाढतं, दर महिन्याला तिथं सूज येते. डावीकडे चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताची गाठ. आमच्या घरी चॉकलेट येत नाही, हे स्पष्ट सांगितलं.
किती वर्षांपासून दुखतं, बाईंनी विचारलं. मी म्हटलं, दोन. मयुरी म्हणाली, नऊ.
मधे कधी बरं होतं? दोघी एकदम बोललो, महालक्ष्म्यांत. मी देवीची कृपा सांगितली, मयुरीनं गोळ्या. बाईंनी गोळ्यांचं नाव विचारलं आणि त्याच लिहून दिल्या, रोजच्या. म्हटलं, त्या देवाच्या कामापुरत्या असतात, लग्नाच्या पोरीला रोज कशा? आणल्या नाहीत. सोळा सोमवार धरते, माझ्याच नावानं. तिला उपास झेपायचे नाहीत.

२४ ऑक्टोबर
उमरेडच्यांना फोनवर थोडा अशक्तपणा आहे एवढंच सांगितलं. खोटं कुठं आहे? मयुरी दारातच उभी. म्हणे, "आई, तुले लोकाइचं दुखते. मले पोट दुखते." बॅग भरून बेस्याला आत्याकडे गेली. दोन दिवसांत येईल. तिच्या वाटचा भात लावला.

२ नोव्हेंबर
भात अजून लावतेच आहे. सकाळी फोडणी देऊन मीच खाते. गोळ्या घेते का, कोणाला विचारू?

२० नोव्हेंबर
नणंदेचा, प्रेमलताबाईंचा, फोन. मंगळवारी मयुरीचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. गाठ काढली. पुढं गोळ्या चालूच राहतील, दुखणं परत उलटू शकतं म्हणे. सह्या त्यांनीच केल्या. म्हटलं, मले काहून नाही सांगितलं? म्हणाल्या, "वहिनी, पोरगीच नाही म्हणे. आई आली का दुखून राहिलं म्हणायची चोरी होते."
मी म्हटलं, बरं. फोन ठेवला. दिवा लावायचा राहिला.

२१ नोव्हेंबर
मयुरी फोन उचलत नाही. बेसा काही लांब नाही, पण तिनं बोलावलं पाहिजे ना. पोस्टकार्ड आणलं. मग वाटलं, पोस्टमन वाचेल. लिफाफा आणला. मजकूर आधी इथं लिहून पाहते.
चि. मयुरीस अनेक आशीर्वाद.
उमरेडची मंडळी समजूतदार आहे (खोडलं).
तू सांगितलं असतं तर (खोडलं).
देव करतो ते (खोडलं).
मयुरी, दुखते का वं अजून? हे मी कधी विचारलं नाही. उलट टपाली कळव.