वाऱ्यातली शांत जागा

बंगळुरू

ती. आप्पा,

भूमिकाचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं.

सरळ वर उडणारी, सरळ खाली उतरणारी छोटी विमानं असतात. उतरताना आडवा वारा लागला की ती कलंडू शकतात. म्हणून उतरायच्या जागेभोवती मी जाळीची गोल भिंत आखली, तुम्ही वारा अडवायला केळीभोवती शेवरी लावता तशी.

काल विमानात पहिल्यांदा माणूस बसला. पायलट ललित म्हणाला, "मॅडम, भिंत वारा रोखेल ना?" मी "हो" म्हटलं आणि भिंतीबाहेर जाऊन उभी राहिले.

भिंतीच्या वर असताना विमान जोरात डोललं. मी डोळे मिटणार तेवढ्यात ते भिंतीच्या आत आलं, एकदम स्थिर झालं आणि अलगद टेकलं.

पंखे थांबल्यावर मी आत धावले. ललित आणि मी वर बघतच राहिलो. डोक्यावरून धूळ सुसाट पळत होती आणि आत माझी ओढणीसुद्धा हलत नव्हती. आप्पा, मला रडूच आलं.

आपल्या फोपनारला वादळ झालं म्हणे. आई फोनवर "सब ठीक" म्हणते. किती केळी आडवी झाली ते तुम्ही खरं कळवा. मी सुट्टी काढून ठेवली आहे.

तुमचीच,
भूमिका