कोटाच्या उजव्या खिशातलं बिल

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, धंदा कपडे दुरुस्त करून अंगाबरोबर बसवून देण्याचा, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणाच्या धाकानं किंवा गोड बोलण्यानं नव्हे तर माझ्या मर्जीनं आणि माझ्या हातानं हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. त्याच्या कोऱ्या बाजूवर एका गिऱ्हाइकाच्या जाकिटाची मापं लिहिली आहेत, तेव्हा तो कागद कोणाला सापडला तर गोंधळ नको.

शुद्धीचा दाखला सोबत जोडला आहे. तो माझ्या मुलाच्या आग्रहावरून. या कागदात काय असणार हे त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आई, वकील राहू दे, तू आधी डॉक्टर गाठ." मी गाठले. डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? मी वार सांगितला, तारीख सांगितली, आणि तुमच्या डाव्या बाहीचं बटण एका धाग्यावर लोंबतंय हेही सांगितलं. त्यांनी लगेच सही केली. बटण मी तिथेच लावून दिलं.

वकिलांनी छापील मसुदा दिला होता. चांगला होता, पण त्यात मी कुठेच नव्हते. शाळेत आम्हाला शिवण शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, टाका उलट्या बाजूनंही बघण्यासारखा हवा, देव तिकडूनच बघतो. तेव्हा उलटी बाजूही लिहिते. वाचणाऱ्यांनी कंटाळू नये.

कलम पहिलं. दुकानावरच्या दोन खोल्या, गच्चीसकट, माझ्या मुलाला. स्वयंपाकघराच्या चौकटीवर त्याच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, चार वर्षांपासून सोळापर्यंत. रंग देताना तेवढी चौकट सोडावी. खोल्या विकल्याच, तर चौकट काढून न्यावी.

कलम दुसरं. बँकेतली सगळी शिल्लक मुलालाच, माझा शेवटचा खर्च वजा जाता. शिवाय त्याच्या वडिलांचा तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. हे बसखात्यात चाळीस वर्षं होते, आधी कंडक्टर, मग तपासनीस. विनातिकीट पकडलेला माणूस "विसरलो हो साहेब" म्हणाला की हे म्हणायचे, "तिकीट विसरलास, उतरायचा थांबा बरा लक्षात राहिला!" घरी जेवताना हे रोज सांगायचे आणि रोज स्वतःच हसायचे. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते, पुढे लागणार आहे.

कलम तिसरं. खालचं दुकान, म्हणजे रस्त्याकडची खोली, मागची कापायची खोली, 'शिवणकाकू' ही पाटी, दोन्ही मशिनं, जड इस्त्री, बटणांचे बत्तीस डबे आणि माझी मोठी कात्री, हे सगळं त्या बाईला, जी पूर्वी बागेसमोरच्या हॉटेलात वाढायचं काम करायची, पुढे इस्पितळामागच्या लाँड्रीत होती आणि गेलं वर्षभर माझ्याजवळ बसून काजं करते. गल्लीत तिला सगळे लाँड्रीवाली म्हणतात. मी पोरी म्हणते, ती पंचेचाळिशीची असली तरी.

मुलाचा प्रश्न असा: "एका जेवणाच्या बिलापायी आख्खं दुकान?" त्याचं उत्तर खाली आहे. फोनवर दिलं असतं, पण तो मधे मधे बोलतो. कागदावर त्याला बोलता यायचं नाही.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. कपडा आला की आधी सगळे खिसे उलटे करायचे. जे निघेल ते पाकिटात घालून, कुठल्या खिशातून काय निघालं ते वर लिहून, कपड्याला टाचून परत द्यायचं. किल्ल्या निघाल्या, औषधांच्या चिठ्ठ्या निघाल्या, दुसऱ्याच कोणाला लिहिलेली प्रेमपत्रं निघाली, एकदा दातांची कवळी निघाली. चाळीस वर्षांत कोणाच्या खिशातली टाचणीसुद्धा माझ्याकडे राहिलेली नाही.

हे गेल्यावर तीन महिन्यांनी त्यांचा राखाडी कोट मी टेबलावर घेतला, मुलाच्या मापाचा करावा म्हणून. हात सवयीनं खिशात गेला. डाव्या खिशात रुमाल. उजव्यात चार घड्या केलेलं बिल.

बिल हातानं लिहिलेलं. वर 'टेबल ४', खाली दोन सूप आणि त्यापुढे 'एक दांडीच्या कपात', मग भात, भाजलेले मासे, कस्टर्ड. लिहिणारीला आकड्यांवरही शिरोरेघ ओढायची सवय होती. शिक्का मात्र कुठेच नव्हता. ते हॉटेल पैसे घेतले की बिलावर जांभळा शिक्का मारून देतं. मला ठाऊक होतं, कारण आमच्या लग्नाच्या दर वाढदिवसाला आम्ही तिथेच जेवत आलो होतो.

हे आमचं शेवटचं बाहेरचं जेवण. ह्यांचा हात थरथरायचा, आणि आठवणीचं कापड काठाकाठानं उसवत चाललं होतं. सूप वाटीत आलं असतं तर निम्मं शर्टावर गेलं असतं. वाढणारीनं न विचारता ते दांडीच्या कपात आणलं आणि मलाच म्हणाली, "आज वाट्या कमी पडल्यात हं, चालेल ना?" बाजूच्या टेबलावर वाट्या चांगल्या रचून ठेवलेल्या मला दिसत होत्या.

जेवण झाल्यावर हे उठले. मी पर्स उघडली तर म्हणाले, "चाळीस वर्षं बिल मी दिलंय, आजही मीच देणार. तू दारात थांब." मी थांबले. गल्ल्यापाशी उभी असलेली त्यांची पाठ मला दिसत होती, हातात पाकीट होतं. मग ते आले, मी त्यांच्या कोटाची बटणं लावली, आणि ते म्हणाले, "झालं."

ते बिल मी कोटाशेजारी टेबलावर पसरून ठेवलं. चाळीस वर्षं लोकांची तिकिटं तपासणारा माणूस आणि चाळीस वर्षं लोकांचे खिसे तपासणारी बाई, दोघं मिळून फुकट जेवून आलो होतो. बटणंसुद्धा मीच लावली होती.

मी पहिला फोन ह्यांच्या बहिणीला केला. वन्सं कडाडल्या, "माझ्या भावाला मेल्यावर चोर ठरवतेस? फाडून टाक ते चिटोरं!" मी म्हटलं, "वन्सं, चिटोरं फाडलं तरी जेवण पोटात गेलंच ना?" त्यांनी फोन आपटला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात गेले. मालकांनी बिल उलटंसुलटं पाहिलं. "अहो बाई, कधीचं हे! ते तेव्हाच वळतं झालं."

"कोणी दिलं?"

"दिलं कसलं, कापलं. आमच्याकडे ज्याचं टेबल त्याची जबाबदारी. गिऱ्हाईक पळालं की वाढणाऱ्याच्या पगारातून."

"आम्ही पळालो नाही. ह्यांना तर भरभर चालताही येत नव्हतं."

"ते खरं हो. पण तिचं ते तिसरं बुडालेलं टेबल. तीन झाली की आम्ही माणूस ठेवत नाही. काढून टाकली."

"कुठे असते ती?"

"मी काय काढलेल्या माणसांचे पत्ते जपतो? बसा, चहा घ्या."

चहा मी घेतला नाही. पैसे मोजायला पर्स उघडली तसा त्यांनी हात पुढे केला. मी पर्स बंद केली. "तुमचं नुकसान झालंच नाही, मग घेता कशाला?" असं म्हणून बाहेर पडले, आणि पायरीवरच ठरवलं की तिला शोधल्याशिवाय आपण मरायचं नाही.

चौदा महिने लागले. मी जिथे स्वयंपाकघर दिसेल तिथे मागच्या दारानं जाऊन विचारत असे. मुलगा म्हणायचा, "सोड ना आई, बाबांना तेव्हा कळत नव्हतं." मला तर कळत होतं! शेवटी ती सापडली ती माझ्याच टेबलावर. इस्पितळामागच्या लाँड्रीवाल्यांनी एक उसवलेली विजार दुरुस्तीला पाठवली होती. तिला पाकीट टाचलेलं, वर लिहिलेलं: 'मागचा खिसा, बटणं २, किल्ली १.' आणि आकड्यांवर शिरोरेघ. मी मशीनवर खोळसुद्धा घातली नाही, तशीच निघाले.

ती इस्त्रीपाशी उभी होती. मी बिल पुढे धरलं. तिनं वाचलं आणि पहिलं काय विचारलं? "काकू, आजोबा कसे आहेत?"

हे गेल्याचं मी सांगितलं. तिनं इस्त्री उभी करून ठेवली आणि मला स्टुलावर बसवलं.

"तुझी नोकरी आमच्यापायी गेली," मी म्हटलं.

"तुमच्यापायी कशाला? मी पाहिलं होतं ना सगळं."

"काय पाहिलंस?"

"आजोबा गल्ल्याशी आले. मालक फोनवर होते. आजोबांनी पाकीट उघडलं, आत बघत राहिले, परत मिटलं. बिलाची छान घडी घातली, खिशात ठेवली आणि मालकांना नमस्कार केला. मी धावत दारापर्यंत आले होते."

"मग हाक का नाही मारलीस?"

"मारणारच होते. तुम्ही त्यांची बटणं लावत होतात. आजोबा तुम्हाला म्हणाले, 'झालं.' असे म्हणाले काकू, जसं काही परीक्षाच पास झालेत. आता कुठल्या तोंडानं सांगायचं, की नाही झालं म्हणून?"

"ते तुझं तिसरं टेबल होतं. माहीत होतं तुला?"

"होतं की." आणि वर हसून म्हणाली, "पहिली दोन मात्र खरंच पळाली होती हां."

पैसे तिनं बिलाइतकेच घेतले. मी जास्त ठेवले ते मोजून परत दिले, आणि बिलावर 'मिळाले' असं लिहून खाली तारीख घातली. बिल फिटलं. म्हणून मुला, नीट वाच: दुकान मी बिलापायी देत नाही. ती माझ्याकडे कामाला आली ती माझ्या हट्टानं. तिची काजं आता माझ्यापेक्षा सरस होतात. खिसे ती न सांगता उलटे करते. आणि कपड्याचं काम म्हणजे शेवटी काय, माणसाची लाज झाकायची. ज्या बाईनं पोटावर पाय येणार हे ठाऊक असून माझ्या माणसाची लाज झाकली, तिच्याहून या दुकानाला लायक कोणी मला तरी दिसत नाही. तुला सुई ओवता येत नाही, बाळा, आणि तू दुकान विकशील. तो तुझा दोष नाही.

ती स्वतः या कलमाच्या विरोधात आहे. "काकू, लोक म्हणतील म्हातारीला गुंडाळलं." म्हणू देत. चाळीस वर्षं मी कापडं गुंडाळतेय, मला कोण गुंडाळणार? वकिलांनी सांगितलं की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. हे तिच्या कानावर गेल्यापासून ती रोज सकाळी विचारते, "सही करू का काकू, साक्षीदार म्हणून?" तिची सही या कागदावर कुठेही, कोपऱ्यातसुद्धा घेऊ नये. पेन मी उशाखाली ठेवते.

कलम चौथं. माझ्या मुलाला हे मृत्युपत्र मान्य नसेल तर त्यानं खुशाल कोर्टात जावं. त्याचा हिस्सा मी त्यापायी कमी करणार नाही, मी आई आहे. फक्त त्याआधी त्यानं बागेसमोरच्या हॉटेलात चार नंबरच्या टेबलावर, खिडकीपाशी बसून जेवावं. बिल द्यावं, शिक्का मारून घ्यावा. मग गल्ल्यापासून दारापर्यंत चालत यावं आणि मध्ये किती पावलं पडतात ते मोजावं. मी मोजली आहेत, अकरा. अकरा पावलांत त्या बाईनं काय ठरवलं याचा विचार करावा आणि मग वकिलाला फोन करावा.

कलम पाचवं. सिस्टरांनी बक्षीस दिलेलं, शिवताना बोटात घालायचं चांदीचं टोपण माझ्या सुनेला. ती शिवत नाही, पण लहानपणापासून माझ्याकडे असलेली ती एकच वस्तू आहे, आणि सून वस्तू जपते हे मी पाहिलं आहे. तसं तिला कधी तोंडावर म्हटलं नाही. आता म्हणते.

कलम सहावं. राखाडी कोट वन्संना. मुलाच्या मापाचा करायचा राहून गेला ते बरंच झालं. अस्तर नवं घातलं आहे, बाकी टाका बदललेला नाही. त्यांनी मला बोललेलं मी विसरलेले नाही, पण भावाचा कैवार घेणाऱ्या बहिणीवर किती दिवस रागावणार? माझंही माणूस तेच होतं.

वन्सं, खिशातली वस्तू ज्याची त्याला परत द्यायची, हा आमच्या दुकानाचा नियम. कोट ज्यांचा ते आता नाहीत, म्हणून तुम्हाला. उजव्या खिशात हात घाला. तेच बिल आहे, 'मिळाले' लिहिलेलं, आकड्यांवर शिरोरेघ असलेलं. तुमचा भाऊ चोर नव्हता आणि खोटंही बोलला नव्हता. 'झालं' हे तो थोडं आधी बोलला, एवढंच.

आता झालं.

सही: शिवणकाकू
ठिकाण: दुकानाची मागची खोली, कापायचं टेबल
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२४, बुधवार, सकाळी साडेअकरा

वरील सही बाईंनी आम्हा दोघांच्या देखत केली. आमच्या सह्या त्यांच्या देखत झाल्या.

साक्षीदार पहिले: शेजारचे घड्याळजी. वेळ त्यांनीच सांगितली.

साक्षीदार दुसरे: बागेसमोरच्या हॉटेलाचे मालक. त्यांना मुद्दाम बोलावलं. कलम तिसरं मोठ्यानं वाचून दाखवलं, मग सही घेतली. जबरदस्ती केलेली नाही. मुलीच्या लग्नात घालायचा त्यांचा कोट माझ्याकडे टाचण्यांवर आहे. तो शुक्रवारी मिळेल, आणि तो त्यांच्या हातात लाँड्रीवाली देईल.