नाव न घेता घातलेलं गाऱ्हाणं

प्रिय आकांक्षा,

हे पत्र आपला टेम्पोवाला राजेश तुझ्या दुकानात आणून देईल. तुझ्या माहेरी पाठवलं असतं तर आधी तुझ्या आईने वाचलं असतं. आणि फोनवर बोलावं, तर ह्या नव्या टॉवरच्या भिंती आमच्या जुन्या चाळीच्या फळ्यांहून पातळ. चाळीत निदान शेजारी ऐकायचे, इथे घरचेच ऐकतात.

कशी आहेस, असं विचारत नाही. परवा दादरला स्पीकर पोचवायला आलो होतो, तेव्हा काचेतून दिसलीस. एका म्हाताऱ्याच्या नाकावर चष्मा बसवत होतीस आणि हसत होतीस. आत यावंसं वाटलं, पण कुठल्या तोंडाने येऊ? तसाच पुढे गेलो. इकडे गणपती तोंडावर आलेत. गोडाऊनमधली सगळी खोकी बाहेर काढलीत, वायरी उंदरांनी खाल्ल्यात, काळाचौकीतले मंडळवाले रोज येऊन म्हणतात, लवूशेठ, यंदा आवाज जोरात पाहिजे. मी म्हणतो, आवाज मी देतो रे, सूर तुम्ही आणा.

कानांवर पोट भरलं मी. खांद्यावर कर्णे वाहणारा पोरगा दोन टेम्पोंचा मालक झाला, कारण कुठलं खोकं घासतंय ते रस्त्याच्या पलीकडून मला कळायचं. असले हे कान, आणि भिंतीपलीकडचा स्वतःचा मुलगा त्यांना कधी ऐकू आला नाही. न्हाणीघरात तास तास नळ चालू असायचा, मी म्हणायचो, बँकेत काम करतो, पोराला टापटीप लागते!

होळीनंतरच्या त्या दुपारी तू रक्ताच्या तपासणीचा कागद ओट्यावर ठेवलास. म्हणालीस, पप्पा, मला काही झालेलं नाही, पण होऊ शकलं असतं. रडली नाहीस. कुकरची शिटी झाली तेव्हा उठून गॅस बंद केलास, आणि मग बॅग भरलीस. त्यानंतर एकेक गोष्ट बाहेर आली. हितेंद्रचा तो फोन, त्या अनोळखी बायका, ती लॉजं. ऑफिसातच फोनवर तसलं बघताना पकडला गेला म्हणून नोकरी गेली होती, आणि आम्हाला सांगितलं होतं साहेबाशी भांडण झालं म्हणून. दर वेळी आईची शपथ घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

लोक काय म्हणाले, तेही ऐकून ठेव. तुझी आई म्हणाली, पुरुषमाणूस आहे, होतं असं. तुझी सासू, आमची रखमा म्हणाली, बायकोने धरून ठेवायला नको होतं का? आणि माझा लहानपणापासूनचा दोस्त गणपत नाक्यावर चहा पिताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, काय लव्या, पोरगा तुझ्यापेक्षा मर्द निघाला की! चहा अर्धा टाकून उठलो. त्याच्याबरोबर पुन्हा बसलेलो नाही.

मनाचे आजार बघणाऱ्या डॉ. रुचांकडे पहिल्यांदा मीच त्याला घेऊन गेलो. गेल्या गेल्या म्हटलं, बाई, इंजेक्शन द्या आणि थंड करा ह्याला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, काका, बसा. कोण किती वेळा काय करतं ह्यावरून आम्ही आजार ठरवत नाही, आणि घरच्यांना लाज वाटते म्हणूनही ठरवत नाही. थांबायचं मनापासून ठरवून थांबता येत नाही, नोकरी जाते, घर मोडतं, त्यातली मजासुद्धा संपते, तरी पाऊल तिकडेच वळतं आणि असं महिनोन्महिने चालतं, तेव्हा आम्ही उपचार करतो. मग त्यांनी हितेंद्रला विचारलं, हे कधी कधी होतं? मला वाटलं, आता हा सिनेमातल्यासारखं काहीतरी सांगणार. तो खाली बघून म्हणाला, साहेब ओरडला की. रिकामा बसलो की. घरात सगळे असून कोणीच नाही असं वाटलं की. एवढ्या वर्षांत पोराचा खरा आवाज मी तिथे ऐकला. पातळ, फाटका आवाज.

उदासी आत मुरलेली होती, तिच्यावर त्यांनी गोळ्या दिल्या. दर आठवड्याला बोलायला बोलावलं. आणि सांगितलं, ओढ आली की तिच्याशी कुस्ती खेळू नकोस, ती लाटेसारखी चढते आणि उतरते, उतरेपर्यंत कुणाला तरी फोन लाव. त्याने मला लावायला सुरुवात केली. मी गोडाऊनमध्ये सोल्डरिंग करत असायचो. फोन कानाला. तो काही बोलायचा नाही, मीही नाही. नुसता त्याचा श्वास ऐकत राहायचो. मग तो म्हणायचा, गेलं, पप्पा. मी म्हणायचो, बरं, जेवायला ये. कधी लाट जिंकायची, तेही दुसऱ्या दिवशी सांगायचा. डॉक्टरबाई म्हणाल्या, घसरणं धरूनच चालायचं, लपवणं बंद झालं हे मोठं. आम्ही बापलेक इतकं कधीच बोललो नव्हतो, जितकं त्या गप्प फोनांवर बोललो.

तू एकदाच आलीस तिथे, आठवतं? हितेंद्र म्हणाला, आकांक्षा, मला आजार आहे गं, समजून घे. जसं काही खिशातून पास काढून दाखवला. तू म्हणालीस, तापाने फणफणलेला माणूस रोज घरी येऊन खोटं बोलत नाही. मी डॉक्टरबाईंकडे बघितलं. वाटलं, पेशंटची बाजू घेतील. त्या त्याला म्हणाल्या, आजारावर उपचार मी करीन, खोट्याचं काय करायचं ते तू बघ, आणि माफ करायचं की नाही ते फक्त ह्या ठरवतील. त्या दिवशी परळच्या पुलापर्यंत आपण दोघं चालत गेलो, आणि तू मला उसाचा रस पाजलास. ते मी विसरलेलो नाही.

आता जे सांगतो ते गेल्या रविवारचं. त्याआधी एक समजून घे. तुमच्याकडे गिरगावात आरती झाली, प्रसाद वाटला, की झालं. आम्हा मालवणी माणसांचं तेवढ्याने भागत नाही, देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालावं लागतं. आमच्या वाडीत, गणपतीपुढे, ते वर्षानुवर्षं मी घालतो. आवाज माझा, माइकही माझाच. आधी बायामाणसं येऊन कानात आपापलं दुःख सांगून जातात, मी कुणाचं नाव न घेता ते देवापुढे मांडतो, आणि सगळी वाडी व्हय महाराजा म्हणते. कुणाचं कुठलं, हे कोणी विचारायचं नाही, ही रीत. गेल्या वर्षी रखमा येऊन म्हणाली, एका बाईने निरोप दिलाय, तिच्या पोराचं घाला. मी विचारलं नाही कोण बाई. छाती फुगवून म्हटलं, ज्या पोराक कसली वायट खोड लागली आसात, ती हळद लागताच सुटान जांवदे रे महाराजा! तीनशे माणसं ओरडली, व्हय महाराजा! तूही होतीस. साखरपुडा झाला होता, म्हणून तुला मुद्दाम बोलावलं होतं. रखमाच्या शेजारी उभी होतीस, निळ्या साडीत, आणि सगळ्यांबरोबर तूही व्हय महाराजा म्हणालीस. तुझा आवाज नवा होता, म्हणून मला वेगळा ऐकू आला.

रविवारी दुपारी जेवून मी बाहेरच्या खोलीत आडवा झालो होतो. झोपलोय असं समजून मायलेक आत बोलत होते. रखमा सांगत होती, अरे, गेल्या साली तुझ्यासाठीच तर गाऱ्हाणं घालायला लावलं ह्यांना, नाव न घेता. देवाने ऐकलं होतं रे, त्या पोरीलाच दम धरवला नाही. म्हणजे रखमाला सगळं ठाऊक होतं, आकांक्षा. हळद लागायच्या आधीपासून. तुझ्या अंगाला स्वतःच्या हाताने हळद लावताना ती गात होती, आणि तेव्हाही तिला ठाऊक होतं. तिला विचारलं तर म्हणेल, आईच्या जिवाला काय करू? तिच्या बापाची दारू लग्नानंतर सुटली म्हणतात. कुणाच्या जिवावर सुटली, ते तिच्या आईला कोणी विचारलं नाही.

हितेंद्र काय म्हणाला ते ऐक. म्हणाला, ती आली की मला ते डॉक्टर-बिक्टर लागणारच नाही गं आई, गोळ्या पण बंद. आवाज कसा होता सांगू? भरलेला, गोड, गुळगुळीत. शपथा घेतानाचा. त्या दिवसापासून गोडाऊनला त्याचा फोन आलेला नाही. ह्या आठवड्यात तो डॉक्टरबाईंकडेही गेला नाही. मी विचारलं तर म्हणतो, आता बरं आहे, पप्पा.

तर येत्या रविवारी हे दोघं फणसवाडीत तुझ्याकडे येणार आहेत. यंदा नव्या सुनांचे ओवसे आहेत, म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला सुनेने सासरी सुपं घेऊन पुजायची. रखमाने नवी सुपं आणलीत, हिरवी साडी आणलीय, आणि तुझ्या आईला फोन करून सगळं ठरवूनही झालंय. तुला सांगणार आहेत, फक्त ओवशापुरती चल. तू चांगली आहेस, चार पाहुण्यांसमोर नाही म्हणायला जड जाईल, हे त्यांना माहीत आहे. दार उघड, पाणी दे, आणि तिथेच थांब. येऊ नकोस. पुढेमागे तुला स्वतःला वाटलं तर गोष्ट वेगळी, पण सुपं दाखवून नेतायत म्हणून येऊ नकोस. तू आलीस की तो डॉक्टरबाईंसमोरच्या खुर्चीवरून कायमचा उठेल, आणि पुन्हा ओट्यावर कागद ठेवायची पाळी तुझ्यावर येईल. तू नाही म्हटलंस तर तो डॉक्टरबाईंकडे परत जाईल, की आणखी खड्ड्यात जाईल, मला ठाऊक नाही. माझा एकच मुलगा आहे, बाळा, आणि तो बरा व्हावा असं मला जितकं वाटतं तितकं कुणाला वाटत नसेल. पण तुला वापरून नको. रखमाने यंदाही माझ्या कानात एक ओळ सांगितलीय, एक सून रागाने माहेरी बसलीय, तिका परत हाड रे महाराजा, म्हणजे तिला परत आण. मी तिला सांगितलं, यंदा गाऱ्हाणं दुसरं कुणी घालेल, माझा घसा बसलाय. माइक मात्र माझाच असेल. आणि कुणी ती ओळ उचललीच, तर बटणावर माझं बोट असेल.

तुझाच,
पप्पा
(म्हणायचं की नाही, ते तू ठरव)