एक पुरुष खोल

७ डिसेंबर १९७२, गुरुवार

आज दुपारी सुखरूप पोचलो. खर्ड्याहून एस. टी. ने नगर, तिथून ठेकेदाराच्या ट्रकने या माळावर. मेहुणा सहादेव फाट्यावर वाट पाहत उभा होता. गळ्यातच पडला. गावाकडे असलेल्या विहिरी आटल्या, नव्या खणायला कोणी बोलावत नाही. अशा साली त्याने माझी आठवण ठेवली. निघताना रतनबाई म्हणाली होती, भाऊ माझा हाय, तुमाला उपाशी ठेवायचा न्हाई.

ठेकेदार आप्पासाहेबांनी हा माळ रणगाड्यांच्या चाचणीसाठी तयार केला आहे. नवा रणगाडा चर ओलांडतो की अडकतो, ते इथे पाहतात. गेल्या वर्षीच्या लढाईनंतर काम वाढले म्हणे. आडवे चार चर आहेत. पडलेली माती काढायची आणि कडा नीट राखायच्या, एवढेच माझे काम. पत्र्याच्या खोलीत दत्ताची तसबीर लावली, उदबत्ती ओवाळली. देवाने सोय केली.

८ डिसेंबर

चर पाहून आलो. तीस वर्षे विहिरी खणल्या, माती हाताला कळते. चारही चर एकाच मुरमात आहेत, पण पहिल्या तिघांच्या कडेचा खडासुद्धा निघत नाही. चौथा मात्र सकाळी उकरला, तो संध्याकाळी ढासळलेला.

सहादेवने आधीच्या मुकादमाची वही दिली. तीत लिहिले आहे: चर पहिला, एक पुरुष. दुसरा, एक पुरुष. तिसरा, एक पुरुष. आम्ही विहीरवाले खोली पुरुषानेच मोजतो, बोलताना परस म्हणतो. म्हणून चरात पहार सोडून मोजले, तर खोली दीड परस भरली. मुकादमाचे माप चुकले असावे. सहादेवला सांगितले तर तो हसून म्हणाला, दाजी, तुमी माती काडा, वहीत लई डोकं घालू नका.

गाड्यांचे मिस्त्री गनीभाई भला माणूस. जेवताना सांगत होते, की मागं गोऱ्यांच्या मोठ्या लढाईत शिपाई महिनोन्‌महिने चरात बसायचे. गोळी डोक्यावरून जायची. मग एक दिवस हे यंत्र आलं आणि चरावरून चालत गेलं. आत बसलेल्याला वाटलं ढग आला.

१२ डिसेंबर

आज रणगाडा आला. एवढे लोखंड चालताना प्रथमच पाहिले. पायाखालची जमीन ताकाच्या मडक्यासारखी घुसळली जात होती. तीन चर त्याने सहज ओलांडले. चौथ्यापाशी थांबला. इंजिन चालू, पट्टे फिरत होते, पण गाडी पुढे जाईना. चालवणारा शपथेवर सांगत होता की त्याने ब्रेक दाबला नाही. तीनदा मागे घेऊन पुन्हा आणली. गनीभाईंना काही बिघाड सापडला नाही.

आप्पासाहेब गाडीकडे पाहत नव्हते. माझ्याकडे पाहत होते.

आणखी एक. गाडी तिसऱ्या चरावर असताना मी कडेला होतो. खालून कोणी खाकरले. परक्याच्या घरात शिरण्याआधी माणूस खाकरतो, तसे.

१४ डिसेंबर

चौथ्याच्या तळाशी खळगा पडतो. परवा बुजवला, काल बुजवला, आज पुन्हा आहे. लांबट, एका टोकाला रुंद. पाट्या वाहून माझा डावा खांदा उतरला आहे. खळग्याचीही डावी बाजू उतरती आहे.

दत्ताचे नाव घेत तिथून वर आलो.

१५ डिसेंबर

गनीभाईंना विचारले, तिसऱ्या चरावर माझ्याआधी कोण होते. रॉकेलने हात धुता धुता त्यांनी सांगितले. राहुरीकडचा भिमाजी. चुलतभावाने आणला होता. पळून गेला असे सर्वांना सांगितले. पण त्याच्या वहाणा चरातच राहिल्या होत्या, आणि त्या दिवसापासून तिसरा चर ढासळला नाही. शेवटी म्हणाले, रंगनाथभाऊ, तुमी लिहितं-वाचतं मानूस, वही नीट वाचा.

वाचली. पुरुष म्हणजे खोली नव्हे.

शेवटच्या पानावर आहे: चर चौथा, एक पुरुष. आणणार सहादेव. तारीख वीस नोव्हेंबर. मला निरोप आला तो पंचवीसला.

१६ डिसेंबर, एकादशी

सहादेवने नाकारले नाही. रडला. चौथ्या चरासाठी त्याचेच नाव लागले होते. बदली माणूस दिला तर सुटका, असे ठरले. रक्ताचा नाहीतर सोयऱ्याचा. मी म्हणालो, बहिणीचे कुंकू तरी पाहायचे होतेस. तो म्हणाला, अक्काला समदं लिव्हलं हुतं. तिनंच सांगितलं, पाठवते.

त्याचे पत्र मी पाहिलेच नाही. रतनबाईने मास्तरांच्या सुनेकडून वाचून घेतले आणि मला तोंडी सांगितले. मला वाचता येत असताना. सव्वीस वर्षांचा संसार.

त्याने कोरे पोस्टकार्ड पुढे ठेवले. म्हणाला, तुमीबी कुनाला तरी बोलवा. तुमचा मच्छिंद्र रिकामाच हाय की.

धाकटा भाऊ. मी त्याला अंगाखांद्यावर वाढवले. कार्ड तसेच परत दिले.

१७ डिसेंबर

पहाटे फाट्याकडे चालू लागलो. ऊन तापले तेव्हा चौथ्या चराच्या कडेला उभा होतो. पुन्हा निघालो, सूर्य पाठीशी ठेवून. पुन्हा तिथेच —

गनीभाई कामावर नाहीत. त्यांची खोली झाडून ठेवली आहे.

१८ डिसेंबर

तसबिरीच्या काचेवर आतून माती. पुसली जात नाही. नाव घेतो तर जिभेवर मुरूम —

देवा, तूही त्यांच्यातला का?

१९ डिसेंबर

चरात आहे. कधी उतरलो — पाय वर चढत नाहीत. वही मांडीवर. समोर इंजिन सुरू झाले. सहादेव झेंडी घेऊन उभा, तोंड दुसरीकडे.

भिंतीतून विचारतात. तिघे. आवाज हळू, माणसांचेच. विचारतात, तुझ्या बदली कोण?

नाही सांगणार.

पट्टे दिसतात. ऊन गेले. पुन्हा विचारतात, नुसते नाव सांग, नाव पुरे —

मच्छिंद्र नाही. मी म्हणालो नाही, फक्त आठवला. तो एकटा आहे. ना बायको, ना पोर. त्याच्यामागे रडायला तरी कोण आहे, मीच काय तो —