तुझ्याच मापाच्या बांगड्या

सुऱ्या,

सुतळी कापताना एक फुटलीच. उरलेल्या तीन जीपच्या आरशावरून उतरवून समोर ठेवल्या आहेत आणि लिहायला बसलो आहे. वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. आज तसं वाटत नाही.

उद्या तुझा दहावा, पैठणच्या घाटावर. प्रमोदनं ठरवलं आहे की तुला जीपमधून न्यायचं नाही. म्हणाला, "वाघ कधी जीपमंधी बसला का? त्याच्या अस्थी बी बुलेटवरच जातील." त्यानं काळे टी-शर्ट छापून आणले आहेत. पाठीवर तुझं नाव, छातीवर तुझा चेहरा. तुझी बुलेट सलीम चालवणार. मागून मी, जीपमध्ये, लता वहिनींना घेऊन.

हे ऐकून तुला आनंद झाला असता. म्हणून लिहितो आहे. आणि सलीम परवापासून छाती चोळतो आहे, म्हणूनही.

या बांगड्या कशा आल्या, आठवतं? लडाखच्या पहिल्या खेपेची तयारी चालली होती आणि आपण चौघं गुलमंडीत कासाराच्या दुकानात उभे होतो. नियम तुझा. जो वाटेत मोटरसायकल सोडून सामानाच्या जीपमध्ये बसेल, त्यानं पुढच्या मुक्कामापर्यंत बांगड्या घालायच्या. कासारानं माप विचारलं. तू हात पुढं केलास. "माझाच धरा चाचा. आमच्यात सगळ्यात मोठा हाच."

म्हाताऱ्यानं तुझी मूठ दाबून पाहिली. "घर में कौन पहनेंगे साहब?"

"घरच्यांसाठी नाय. जो बाईसारखा वागंल त्याला."

आपण तिघं हसलो. तो हसला नाही. त्याचं पोट बायांवर होतं. त्यानं हिरव्याच काढून दिल्या, दुसरा रंग त्या मापात नव्हता.

तुझ्याच मापाच्या होत्या त्या. तुझ्या हातात साबणाशिवाय गेल्या असत्या. हे तुझ्या कधी लक्षात आलं नाही, नाही का?

पहिल्या मी घातल्या. उंचीवर डोकं फुटायला आलं होतं, पोटात पाणी ठरत नव्हतं, रस्ता एकाचे दोन दिसत होते. मी उतरलो आणि जीपमध्ये जाऊन बसलो. तू स्वतः येऊन चढवल्यास, माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढलास. घरी आल्यावर सुनंदानं तो फोटो पाहिला. म्हणाली, "हिरव्या आहेत ना? मग असू द्या. हिरव्या असल्या म्हणजे माणूस जिवंत असतो." मी ते तुला सांगितलं तेव्हा सगळ्यात मोठ्यानं तूच हसलास.

पुढच्या वर्षापासून जीप मीच चालवायला लागलो. प्रमोद मला माधवीबाई म्हणतो. म्हणू दे. मी दरवर्षी आलो, कारण मला तुम्हा तिघांशिवाय मित्र नाहीत. यात मिरवण्यासारखं काही नाही.

एवढे रस्ते तुडवले, सुऱ्या, पण बोललो काय? टायर, ॲव्हरेज, पुढचा ढाबा. तुझे वडील गेले त्या वर्षी आपण स्पितीला गेलो. त्यांचं नाव कुणी काढलं नाही. एकदा तू चहाच्या टपरीवर हेल्मेट न काढता बराच वेळ बसून राहिलास. आम्ही म्हटलं, थंडी वाजत असेल. रडत होतास का? आम्ही विचारलं नाही आणि तूही सांगितलं नसतंस. याला आपण मर्दांची दोस्ती म्हणायचो. अशी दोस्ती दोन बैलांची असते. त्यांच्या मानेवर निदान जू तरी असतं.

या खेपेच्या शेवटच्या सकाळी तू तंबूमागं ओकलास. सलीमनं पाहिलं. हे त्यानं मला नंतर, लेहच्या दवाखान्याबाहेर सांगितलं.

"क्या हुआ बे?"

"गॅस."

"तो जीप में बैठ जा ना. माधव है पीछे."

"बांगड्या तू घाल," तू म्हणालास आणि किक मारलीस.

मी जीप घेऊन खिंडीत पोचलो तेव्हा तू बुलेटला टेकून होतास. हाताची घडी, डोळ्यांवर गॉगल, मान थोडी वर. प्रत्येक खिंडीत तू फोटोसाठी असाच उभा राहायचास. प्रमोद म्हणाला, "हलू नको सुऱ्या, लई भारी येतंय." तू हलला नाहीस. त्यानं पुन्हा एक काढला. मग तू सीटवरून घसरलास. घडी सुटली तेव्हा दिसलं, एका मुठीत तू जॅकेट छातीपाशी धरून ठेवलं होतंस.

ऑक्सिजनचा सिलिंडर माझ्या सीटखाली होता. सबंध घाट मी तो घेऊन तुझ्या मागं येत होतो.

पुंडलिकनगरच्या चौकात तुझा बॅनर लागला आहे. 'वाघ गेला.' फोटो तोच. दुखत असताना काढलेला. प्रमोदला दुसरा सापडला नाही, कारण तुझे सगळे फोटो तसेच आहेत. कशानं तू तसा उभा आहेस, हे फोटोत ओळखू येत नाही. वहिनी परवा मला म्हणाल्या, "शांत दिसतात नाही, भावजी?" मी हो म्हटलं.

आता हेही ऐक. तुला घरी आणलं त्या दिवशी गल्लीतल्या बाया वहिनींच्या बांगड्या उतरवायला आल्या. वहिनींनी कुणाला हात लावू दिला नाही. बेसिनपाशी उभ्या राहून साबण लावून स्वतःच काढल्या. दोन निघेनात. त्या नळावर आपटून फोडल्या. मनगटाला लागलं, अजून पट्टी आहे. तुला एका दुपारपुरत्या घालवल्या नाहीत. म्हणून तिला जन्माच्या उतरवाव्या लागल्या. हिशेब एवढाच आहे. वाघ, म्हणे.

आज सलीमला म्हटलं, डॉक्टरला दाखव.

"कुछ नै रे. गॅस है."

तुझाच शब्द. जसाच्या तसा. म्हटलं, मग उद्या जीपमध्ये बस, बुलेट दुसरा कुणी आणेल. तर म्हणाला, "कल सुऱ्या को पैठण पहुंचाना है. बाद में देखेंगे." प्रमोदनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "सलीमभाई शेर हैं." त्या थापेनं सलीमचा चेहरा आवळला. मी पाहिलं. प्रमोदनंही पाहिलं असेल. तो हसला.

तू काय शिकवून गेलास ते दिसतं का तुला? तू मेलास आणि त्यातून आम्हाला कळलं ते इतकंच की कसं उभं राहायचं.

तर माझा शब्द असा. उद्या सकाळी जीप पुंडलिकनगरमध्ये उभी असेल आणि माझ्या हातात तुझी एक बांगडी असेल. टी-शर्ट मी घालणार नाही. उरलेल्या दोन डॅशबोर्डवर ठेवीन, एक सलीमची, एक प्रमोदची. तीनच उरल्या आहेत आणि आम्हीही तिघंच. कुणाला बोलावणार नाही, समजावणार नाही, ते आपल्याला कुणालाच जमत नाही. शेजारची सीट तेवढी मोकळी ठेवीन. पुढच्या प्रत्येक खेपेला ठेवीन.

तुझा,
माधव

दुसऱ्या दिवशी रात्री.

सकाळी सलीम आला, त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं. अस्थी बुलेटला बांधून निघाला. चितेगावपाशी त्यानं गाडी बाजूला घेतली, अस्थी सोडवून हातात घेतल्या आणि जीपचं दार उघडलं. "जल रहा है रे इधर," म्हणाला. वहिनी मागच्या सीटवर सरकल्या, पण तो पुढंच बसला. त्यानं हात पुढं केला. बांगडी वहिनींनी चढवली.

दवाखान्यात सलीमचा ईसीजी काढला. ॲसिडिटी निघाली. कुणी हसलं नाही. प्रमोद थोडा वेळ दारात घुटमळला, मग टी-शर्टवर जॅकेट चढवून त्यानं स्वतःचं बीपी मोजून घेतलं.

बुलेट चितेगावला राहिली. तू जीपमधून पैठणला गेलास.