खिडकीतली फट

२० डिसेंबर १९९७, गुडगाव

पोचलो एकदाचे. तिसरा मजला, नवी कोरी इमारत, समोर मोहरीचं शेत आणि त्यापलीकडे काचेचं ऑफिस. फोन अजून लागायचाय. साकेतला नवी नोकरी, मलाही. थंडी मात्र हाडं फोडणारी. शेजारच्या चढ्ढा आंटींनी कोळशाची शेगडी दिली आणि बजावलं की खिडकी थोडी उघडी ठेवा. आम्ही नवरा-बायको पुणेकर, आम्हाला कोण शिकवणार? जुन्या साड्यांच्या चिंध्या करून मी सगळ्या फटी बुजवल्या. खोली मस्त उबदार झाली.

२९ डिसेंबर

हॉस्पिटलात मी दाबाची टाकी चालवते. रुग्णाला आत झोपवून, दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, म्हणजे कोळशाचा विषारी वायू रक्तातून निघून जातो. त्याला वास नसतो, हे नातेवाइकांना रोज सांगते. घरी येऊन शेगडी पेटवते. आपली काय, तासभरच तर असते.

४ जानेवारी १९९८

माझीच करणी. कामावरून आले तर साकेत शेगडीपाशी बेशुद्ध. हॉस्पिटलात नेलं; कार्डिओग्रामवर ठोके वेडेवाकडे, मधेच गायब. त्याला माझ्याच टाकीत घातलं. शुद्धीवर येताच आतून काचेवर मुठी आपटत राहिला, बोटं रक्ताळेपर्यंत. बाहेर काढला तेव्हा ठोके घड्याळासारखे. मी रडले.

५ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, हृदय सावरलं तरी मेंदू महिन्याभरानंही बिघडू शकतो, टाकीत अजून दोनदा ठेवू. साकेतला ऑफिसची घाई. कार्डिओग्राम तर अगदी नीट होता. मी त्याला घरी आणलं.

२६ जानेवारी

सकाळी त्यानं मला विचारलं, तुम्ही कोण. शर्टाची बटणं लावता येईनात. आरसा फोडला.

२७ जानेवारी

हॉस्पिटलात चल म्हटलं तर हात पिरगाळला. डावं मनगट मोडलंय. म्हणतो, टाकीत मी त्याला जिवंत पुरलं होतं.

२८ जानेवारी

आंटी सोडवायला आल्या. त्यानं शेगडीची सळई त्यांच्या डोक्यात — पुन्हा, पुन्हा. दारातच पडल्यात. हलत नाहीत. मी कोठीच्या खोलीत. खिडकी नाही. कडी आतून लावलीय.

दारावर मुठी. दोन ठोके, मग गप्प, मग —

थांबला. कोळसे ओततोय. मायेनं म्हणतोय, लतिका, गारठशील. शेगडी दाराशी आणलीय. खालच्या फटीतून सुपानं आत वारा घालतोय.

वास नाही. डोकं जड. छातीत एक ठोका, मग रिकामं —

कडी काढली तर सळई. नाही काढली तर —

पदर फाडलाय. एका हातानं जमत नाही. या खेपेला तरी फट नीट बु